अंगण मोकळं झालं

लॉक्सटनजवळ, ५ मे १९९१

प्रिय व्हर्ना,

हंगाम संपला. शेवटची द्राक्षं गुरुवारी वायनरीत पोचली आणि मी घरी येऊन बूटही न काढता पलंगावर पडलो. परवा फोनवर तू घराचं विचारलंस तेव्हा मी 'ठीक आहे' म्हणालो, कारण पपा शेजारीच बसून ऐकत होते. ठीक काही नाही, म्हणून हे पत्र.

आई जानेवारीत गेली आणि तिच्या मागोमाग तोडणी सुरू झाली. तेव्हापासून घराला आणि अंगणाला कुणाचा हात लागलेला नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून शेडपर्यंत काटेतण कमरेएवढं वाढलंय. पडवीत आईच्या रिकाम्या बरण्या, खोके, तीन गवत कापायची यंत्रं. तिन्ही बंद. एकाचे भाग दुसऱ्याला लागतील म्हणून पपांनी ठेवलेली. शेडच्या मागे मांडवाचे मोडके खांब पडलेत. या वर्षी हार्वेस्टर चालवणारा नवा होता, ओळीत वळताना दर वेळी एखादा खांब जायचाच. ते औषध मुरवलेले हिरवट खांब, ज्यांना वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. मी रोज ओढून तिथे टाकत राहिलो आणि आता शेडच्या खिडकीपर्यंत ढीग आलाय.

पपांचं म्हणणं, अर्धा झाला म्हणून खांब वाया जात नाही, टेकू म्हणून चालतो. मी म्हटलं, इतके टेकू कशाला लावायचे? तर म्हणाले, "तुला. चाळिशी उलटली तरी सरळ उभा राहत नाहीस."

अशा वेळी ते पूर्वीसारखेच वाटतात. पण गेल्या आठवड्यात ते किटली गॅसवर तशीच विसरले आणि तिचा तळ गेला. दोनदा मला विचारलं, आई चर्चमधून आली का. फक्त गाईंच्या बाबतीत काही विसरत नाहीत. सकाळ-संध्याकाळ नदीकाठच्या कुरणात जाऊन सगळ्यांना नावानं हाका मारून येतात. चर्चच्या महिला मंडळातल्या बायकांची नावं दिलीत त्यांनी गाईंना, हे त्या बायकांना अजून कळलेलं नाही. हुल्दा पुन्हा गाभण आहे. गाईबद्दल बोलतोय.

जूनच्या जोडसुट्टीत येशील का? मला एकट्याला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

तुझा,
एल्विन


अ‍ॅडलेड, १२ मे

प्रिय एल्विन,

येते. शुक्रवारी शाळा सुटली की निघेन. हातमोजे आणि जाड पिशव्या मी आणते. तू फक्त पिकअप रिकामी ठेव. वस्तूंचे तीन भाग करू: ठेवायच्या, चर्चच्या विक्रीला द्यायच्या, जाळायच्या. उन्हाळ्यातली आग लावायची बंदी एप्रिलअखेर उठली ना? मग खांबांचा प्रश्नच नाही. कचरा डेपोपर्यंत किती फेऱ्या मारशील?

एक गोष्ट आधीच ठरवू. पपांना प्रत्येक वस्तूची हकिगत सांगू द्यायची नाही. नाही तर सोमवार संध्याकाळपर्यंत आपण पहिल्याच खोक्यापाशी असू. हे लिहिताना मला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, वर्गात बोलते तसा. आई आजारी होती तेव्हा मी दोनदा आले, तेही पाहुण्यासारखी. आता घर आवरायला एवढ्या उत्साहानं निघाले आहे, ते तुला मदत करायला की स्वतःला बरं वाटावं म्हणून, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. कारण काही असो, दोन हात तर मिळतील तुला.

किटलीचं वाचून काळजी वाटली. गावातल्या चर्चच्या वृद्धाश्रमाची चौकशी करून ठेवायला हवी. आज-उद्या नाही, पण हवी.

तुझी,
व्हर्ना


अ‍ॅडलेड, १३ जून

प्रिय एल्विन,

पोचले. केसांना अजून धुराचा वास आहे आणि आज वर्गात उभं राहताना कंबर बोलत होती. पण सोमवारी निघताना फाटकापाशी गाडी थांबवून मागे पाहिलं तेव्हा दारापासून थेट नदीपर्यंत नजर गेली. लहानपणी असं दिसायचं. आई असती तर तिनं आधी म्हटलं असतं, खिडक्या राहिल्या.

ढीग विझला का? मी निघाले तेव्हा मधला भाग धुमसत होता. इतके खांब इतक्या पटकन जळतील असं वाटलं नव्हतं. पपा खुर्ची घेऊन समोर बसले होते, शनिवारी दुपारपासून, शेकोटीला बसावं तसे. एकदा म्हणाले, "चांगला मांडव होता." मला वाटलं रागावले आहेत, पण मग त्यांनी मला सँडविच मागितलं.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. रविवारी शेडच्या मागच्या फळीवर तो जुन्या विषाचा डबा सापडला, पपांच्या तरुणपणी बागेत मारायचे तो, सोमलाचा. मी तो डेपोत न्यायला बाहेर ठेवला आणि दहा मिनिटांत गायब. पपांनी उचलला. मी विचारलं तर म्हणाले, असा माल आता मिळत नाही. कुठे ठेवला ते सांगेनात, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बहुधा त्यांनाही आठवत नव्हतं. शोधायला हवा होता. राहून गेलं. तू शोध.

दुसरी गोष्ट तुलाच सांगते. त्यांची तपकिरी हॅट शनिवारी मी आगीत टाकली. उंदरांनी कुरतडलेली, आत घामाची पुटं चढलेली, डिझेलचे डाग. चिंध्यांच्या पिशवीत होती, मला ती चिंधीच वाटली. जळताना कडा वळली तेव्हा ओळखली. आईनं घेऊन दिलेली ती. त्यांनी विचारलं तर सापडत नाही म्हण.

काटेतण कापलं तरी कुंपणालगत आणि शेडमागे गवत राहिलंच आहे. तिथे यंत्र जात नाही. कुरणाचं फाटक उघडून गाईंना अंगणात सोड ना काही दिवस. आपोआप साफ होईल, आणि पपांनाही दारातून त्या दिसतील.

तुझी,
व्हर्ना


लॉक्सटनजवळ, २४ जून

प्रिय व्हर्ना,

फोनवर तुला थोडक्यात सांगितलं. आता नीट लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी फाटक उघडलं. पपा खूश होते. पडवीत बसून प्रत्येकीशी बोलत होते, अंगणात पाहुण्या आल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सकाळी लिडिया शेडपाशी आडवी पडलेली दिसली. पोट गच्च, मागून पाण्यासारखं वाहत होतं, दात खात होती. दुपारी गेली. मग अ‍ॅग्नस. तिला चालताच येईना, दारू प्यायल्यासारखी पाय टाकत नळापर्यंत आली आणि तिथेच बसली. हुल्दा सगळ्यात शेवटी गेली, वासरू पोटात घेऊन. सातांपैकी आता दोन उरल्यात, त्या कुरणातून आल्याच नव्हत्या.

जनावरांचे डॉक्टर फिन्ले आले होते. त्यांनी पाहताक्षणी विचारलं, इथे सोमलाचा जुना डबा वगैरे आहे का? जुन्या मळ्यांवर असतो आणि म्हातारी माणसं तो सांडतात, म्हणाले. पोटातलं आणि यकृताचा तुकडा त्यांनी तपासायला शहरात पाठवलाय. निकालाला महिनाभर लागेल.

मी पपांकडे पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं असणार. मी डबा सगळीकडे शोधला, शेड, कोंबड्यांचं खुराडं, पडवी. नाही. मी विचारलं, "पपा, डबा कुठे ठेवलात? काट्यांवर ओतलात का?" ते म्हणाले, ओतला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ओतला असेन का? संध्याकाळी ते माझ्या मागे मागे फिरत तेच विचारत होते, "ओतला असेन का रे मी?"

काय सांगू त्यांना?

एल्विन


अ‍ॅडलेड, २७ जून

प्रिय एल्विन,

पत्र मिळालं. हुल्दाचं वाचवत नाही.

पण आता भावनेनं ठरवायची वेळ गेली. आज गाई गेल्या. उद्या तोच डबा त्यांनी पिठाच्या डब्याशेजारी ठेवला तर? तुझ्या चहात गेला तर? त्यांना राग येऊन त्यांनी केलं असं कुणीच म्हणत नाही. त्यांना कळत नाही, एवढंच. आणि असा कळत नसलेला माणूस दिवसभर घरात एकटा असतो, तू छाटणीला बागेत.

मी वृद्धाश्रमात फोन केला. एक खोली रिकामी आहे, जुलैच्या मध्यापर्यंत धरून ठेवतील. मला माहीत आहे तू म्हणशील मी घाई करते आहे. मीही स्वतःला तेच विचारलं. मनात हेही आलं की गाई गेल्या नसत्या तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि मी ते शोधलं असतं. तरीही हो म्हणायला हवं. तू हो म्हण.

तुझी,
व्हर्ना


लॉक्सटनजवळ, १४ जुलै

प्रिय व्हर्ना,

शुक्रवारी पपांना सोडून आलो.

मला वाटलं होतं भांडतील. मीही भांडायच्याच तयारीत होतो, त्यांच्या बाजूनं. पण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. ज्यानं पाच जीव मारले त्याला मोकळं कसं सोडणार?" ते विनोद करतायत असं मला वाटलं. विनोद नव्हता तो. स्वतःची बॅग स्वतः भरली, दोन शर्ट, दाढीचं सामान, आईचा फोटो. मग घरभर तपकिरी हॅट शोधत फिरले. मी म्हणालो, सापडत नाही पपा, नंतर आणून देतो. गाडीत बसले ते उघड्या डोक्यानं. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी उरलेल्या दोन गाईंकडे पाहिलंसुद्धा नाही, जाणूनबुजून.

खोली बरी आहे. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. शेजारच्या खोलीत एक म्हातारा आहे, दिवसभर रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकतो.

घर आता खरोखरच मोकळं झालंय. छाटणी सुरू आहे, संध्याकाळी येऊन मी थोडं थोडं आवरतो. त्यांची खोलीही आवरायला घेतली. पलंग चर्चवाल्यांनी नेला. त्यांना गरज होती आणि मला तो रोज बघवत नव्हता.

एल्विन


लॉक्सटनजवळ, ३० जुलै

प्रिय व्हर्ना,

हे वाचताना बसून वाच.

रविवारी मी आईची जुनी लाकडाची चूल काढायला घेतली. पंधरा वर्षांत पेटलेली नाही, भंगारवाला न्यायला तयार होता. हलकी व्हावी म्हणून आतल्या जाळ्या काढायला भट्टीचं दार उघडलं. डबा आत होता, आईच्या गरम भांडी उतरवायच्या जुन्या कापडात गुंडाळलेला. व्हर्ना, तो उघडलेलाच नव्हता. झाकण गंजून डब्याला असं चिकटलंय की मी पकडीनं जोर लावला तरी हललं नाही. कित्येक वर्षांत तो कुणी उघडला नसणार.

मी फिन्लेंना फोन केला. ते म्हणाले, योगायोग बघा, निकाल कालच आलाय, येतोच. निकालात सोमल आहे. पण त्याबरोबर तांबं आणि क्रोम भरपूर आहे. जुन्या डब्यात नुसता सोमल असतो, म्हणाले, ही तिन्ही एकत्र एकाच ठिकाणी मिळतात. मग त्यांनी मला विचारलं, इथे मांडवाचे खांब जाळलेत का?

मी त्यांना शेडमागे घेऊन गेलो. पाऊस फारसा झालेला नाही, राख तशीच होती, हिरवट. गाईंनी चाटून चाटून तिच्यात वाट्यांसारखे खड्डे केले होते. शेजारीच खुरांच्या खुणा. राख खारट लागते, फिन्ले म्हणाले, आणि त्या मिठाच्या गोळ्यासारखी चाटत बसतात. लाकूड जळतं पण त्यातलं औषध जळत नाही, मूठभरात गाय जाते. हंगामानंतर दर वर्षी कुठल्यातरी मळ्यावर हे होतंच, म्हणाले. पहिल्यापासून डब्याचंच डोक्यात धरलं, राख आधी पाहायला हवी होती, असंही म्हणाले. माझा खांदा थोपटला. मला तो झटकून टाकावासा वाटला.

मी रोज त्या राखेवरून गेलोय. खड्डे पाहिलेत. कोंबड्या लोळल्या असतील म्हणालो.

पपांना कोण सांगणार? मी सकाळी गाडी काढली होती, फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

एल्विन


अ‍ॅडलेड, ६ ऑगस्ट

प्रिय एल्विन,

शनिवारी मी एकटीच गेले याचा राग मानू नकोस. आग लावायचं माझ्या पत्रात होतं, गाई सोडायचंही माझ्याच. सांगायचं तर मीच सांगायला हवं, असं मला वाटलं. परतताना तुझ्याकडे न थांबता निघाले, कारण काय झालं ते तोंडानं सांगता आलं नसतं.

पपा खिडकीपाशी बसले होते. वाळलेत. मला ओळखलं, आईचा फोटो नीट उभा राहत नाही अशी तक्रार केली. मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "पपा, तुम्ही काही केलं नाही. खांबांच्या राखेत विष होतं. आम्ही जाळले ते. गाईंनी राख चाटली."

"राखेनं गाय मरते होय?" ते म्हणाले. "जन्मभर चुलीतली राख काढली मी. तुझी आई कोबीला घालायची ती."

मी म्हणाले, ती वेगळी. डॉक्टरांचा निकाल सांगितला, डबा चुलीत बंदच सापडला तेही सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. वर्गातल्या एखाद्या मुलाची सबब मी ऐकते ना, तसे. मग हसले.

"लहानपणापासून अशीच तू. एल्विननं काच फोडली की मी फोडली म्हणायचीस."

"पपा, डबा बंद होता."

"तो दुसरा असेल. मला आठवतंय ना. सकाळची वेळ होती, ऊन डोळ्यांवर येत होतं. डबा घेऊन नळापाशी गेलो आणि काट्यांवर ओतला. तपकिरी हॅट होती डोक्यावर, तिची कड मी अशी खाली ओढली." त्यांनी हात कपाळाशी नेऊन दाखवलं. "लिडिया कुंपणातून बघत होती माझ्याकडे."

एल्विन, हे त्यांना जूनमध्ये आठवत नव्हतं. आपण इतक्या वेळा विचारलं की त्यांनी ते आठवून काढलं. आपल्याला हवं होतं म्हणून. आणि ते खोटं आहे याचा पुरावा त्यांच्याच तोंडात होता. गाई अंगणात आल्या, नव्हे डबासुद्धा सापडला, त्याच्या आधीच ती हॅट जळून गेली होती. तेवढं सांगितलं असतं तर कदाचित गाठ सुटली असती. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात ते म्हणाले, "ती हॅट एल्विन आणायला विसरला बघ. तुझ्या आईनं घेतलेली. ती तेवढी शोधून द्या. दुसरं काही नको मला तुमच्याकडून."

मी म्हणाले, शोधते.

मी तसं का म्हणाले, यावर तीन दिवस विचार करते आहे. त्यांना आणखी एक धक्का नको म्हणून, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. मला वाटतं, पाच गाईंचं मी कबूल करू शकले, एका हॅटचं नाही.

घरी चला, असं मी म्हणाले त्यांना. तर ते म्हणाले, जिथे जनावरं आहेत तिथे माझ्यासारख्यानं राहू नये. आणि खरं सांग, कुठल्या पलंगावर झोपवणार होतो आपण त्यांना?

व्हर्ना


लॉक्सटनजवळ, १९ ऑगस्ट

प्रिय व्हर्ना,

मी रागावलेलो नाही. तू गेलीस ते बरं झालं. मी आणखी महिनाभर फाटकापर्यंत जाऊन परत येत राहिलो असतो.

राख गेली. यंत्र आणून खोल खड्डा केला, खालची हातभर मातीही त्यात ढकलली, भोवती कुंपण घातलं. उरलेल्या दोन गाई मी शेजाऱ्याला दिल्या. यंदाच्या छाटणीत आणखी मोडके खांब निघाले, ते डेपोत टाकतोय. फेऱ्या पडतात तेवढ्या पडू देत.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पुढच्या मंगळवारी गावात गेलो. आईनं जिथून घेतली होती ते दुकान अजून आहे. तपकिरी हॅट मिळाली, कड थोडी रुंद, पण तशीच. घरी आणून तिच्यावर बसलो, ओली करून पिळली, बागेतल्या लाल मातीत घोळली, ट्रॅक्टरखाली ठेवून डिझेल ठिबकू दिलं. चार दिवस माझ्याच डोक्यावर ठेवून काम केलं, आत घाम मुरावा म्हणून. मला वाटलं, निदान एवढं तरी त्यांना परत देता येईल. आणि ती हातात आली की मग शांतपणे बसून खरं सांगू, पुन्हा एकदा, माझ्या तोंडानं.

काल घेऊन गेलो. शर्यतवाला म्हातारा त्यांच्याकडे येऊन बसला होता. पपांनी हॅट हातात घेतली, उलटी केली, आत नाक घालून वास घेतला. कड बोटांनी चाचपली. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा उजळलेला पाहिला मी. सांगायला म्हणून मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली, कड कपाळावर खाली ओढली आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "हीच. त्या दिवशी हीच होती माझ्या डोक्यावर."

तुझा,
एल्विन